निराधारचा पगार अडतो तेव्हा : घरी सांभाळ करणाऱ्यांसाठी

घरातल्या दिव्यांग किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा सांभाळ करण्याची जबाबदारी अंगावर पडते, तेव्हा पहिले काही महिने औषधे, अंघोळ आणि रात्रीची जागरणे यांतून डोके वर काढता येत नाही. सरकारी मदतीचा विचार सुचेपर्यंत बहुधा वर्ष उलटून जाते. हा लेख अशाच, या कामात नवख्या असलेल्या आई, बहीण, मुलगा किंवा सुनेसाठी आहे. माझ्या धाकट्या भावाला जन्मतः सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणारे दिव्यांगत्व, आहे आणि त्याचा सांभाळ आई करते. तहसील कार्यालयातली धावपळ माझ्या वाट्याला आली. पुढे लिहिले आहे त्यातले बरेचसे मी आधी चुका करून मग शिकलो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. महाराष्ट्रात सांभाळ करणाऱ्या व्यक्तीला तिच्या स्वतःच्या नावाने दरमहा मिळणारे नियमित अनुदान नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २४ मध्ये, ज्यांना मोठ्या प्रमाणावर आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळमध्ये ‘आश्वासकिरणम्’ या योजनेतून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या सोबत्याला महिना ६०० रुपये देण्याची सोय आहे, आणि तिचेही हप्ते थकतात. आपल्याकडे पैसे येतात ते सांभाळल्या जाणाऱ्या माणसाच्या नावाने, मुख्यतः संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून. गावाकडे याला ‘निराधारचा पगार’ म्हणतात. हा शब्द सरकारी कागदावर कुठे सापडणार नाही, पण घरी बसून चोवीस तास राबणाऱ्या बाईने त्या रकमेला पगार म्हणावे यात मला काही चूक दिसत नाही.

आधी योजना आणि विभाग ओळखा

संजय गांधी योजना १९८० साली, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. ती ६५ वर्षांखालील निराधारांसाठी आहे. वय ६५ झाले की श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना लागू होते, आणि या बदलाच्या वेळी पगार खंडित होण्याची शक्यता असल्याने त्या वाढदिवसाच्या दोन-तीन महिने आधीच कार्यालयात चौकशी करावी. दोन्ही योजनांतील रक्कम जुलै २०२३ पासून महिना १५०० रुपये झाली, आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती ऑक्टोबर २०२५ पासून २५०० रुपये करण्यात आली. दिव्यांग व्यक्ती असूनही खात्यावर अजून १५०० रुपयेच येत असतील, तर कार्यालयाच्या नोंदीत तुमचा माणूस ‘दिव्यांग’ या प्रकारात आहे की दुसऱ्या एखाद्या प्रकारात, हे पहिल्यांदा तपासावे.

दिव्यांगत्व किमान ४० टक्के, महाराष्ट्रातले वास्तव्य किमान १५ वर्षांचे आणि दिव्यांगांच्या बाबतीत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत, या मुख्य अटी आहेत. इतर निराधारांसाठी उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे आणि सेतू केंद्रातला माणूस सवयीने तीच सांगतो, त्यामुळे अनेक घरे अर्ज न करताच परत जातात. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्याहून अधिक असून कुटुंब दारिद्र्यरेषेखालील यादीत असेल, तर रकमेतील ३०० रुपये केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनातून येतात; अशा वेळी पासबुकात दोन वेगळ्या नोंदी दिसल्या तर गोंधळून जाऊ नये.

ही योजना सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाची आहे, तर अंमलबजावणी महसूल यंत्रणा करते. दिव्यांग कल्याण विभाग डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र झाला, त्यामुळे ‘दिव्यांगाचे पैसे’ म्हणून पुष्कळ लोक तक्रार त्या विभागाकडे पाठवतात आणि ती फिरत फिरत तहसीलदारांकडेच येते. यात महिना-दोन महिने सहज जातात.

कागद जमवताना घड्याळ लक्षात ठेवा

अर्जाला लागणाऱ्या प्रत्येक कागदाला स्वतःची मुदत असते, आणि एक कागद येईपर्यंत दुसरा शिळा होणे हे उशिराचे सर्वांत साधे कारण आहे. म्हणून ज्याला सर्वाधिक वेळ लागतो तो कागद आधी काढावा, आणि तो म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून शासकीय रुग्णालयात तपासणी होते आणि त्यानंतर वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड मिळते. ४० पासून ८० टक्क्यांच्या आतपर्यंत ते पिवळे आणि ८० टक्के व त्यावरील दिव्यांगत्वासाठी निळे असते. प्रमाणपत्र हातात आले की टक्केवारीबरोबर ते कायमस्वरूपी आहे की तात्पुरते, हे वाचावे. तात्पुरत्या प्रमाणपत्रावर मुदत लिहिलेली असते, आणि ती संपली की मंजूर झालेला पगारही थांबू शकतो.

उत्पन्नाचा दाखला शेवटी काढावा, कारण तो आर्थिक वर्षाला बांधलेला असतो. फेब्रुवारीत काढलेला दाखला एप्रिलमध्ये कामाचा उरत नाही. हा दाखला महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित असून तो १५ दिवसांत मिळायला हवा. न मिळाल्यास ३० दिवसांत प्रथम अपील करता येते, आणि कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. दाखल्यासाठी लागणारा अहवाल तलाठी देतात. त्यांचे पदनाम आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले आहे, पण गावात तलाठी म्हटले तरच रस्ता दाखवला जातो.

आधार कार्ड, बँक पासबुक आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र या तिन्हींवरचे नाव अक्षरशः एकसारखे आहे का, हे टेबलावर तिन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहावे. एकावर ‘बाई’ लागलेले, दुसऱ्यावर वडिलांचे नाव गाळलेले, तिसऱ्यावर जन्मवर्ष वेगळे, असे असेल तर दुरुस्ती अर्जाआधी करावी. नंतर केली तर प्रकरण पुन्हा पहिल्या टेबलावर जाते.

अर्ज द्या, पण पोच घेतल्याशिवाय उठू नका

अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत देता येतो. पुण्यासारख्या मोठ्या शहरात या योजनेसाठी स्वतंत्र तहसीलदार असतात, म्हणून पत्ता आधी विचारून घ्यावा. या सगळ्या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा कागद मात्र अर्ज नसून त्याची पोच आहे. माझ्या भावाचा पहिला अर्ज आम्ही शाखेतील एका लिपिकाच्या हातात दिला. त्याने तो चाळला, ‘ठेवून जा, समितीपुढे मांडतो’ म्हणाला, आणि आम्ही समाधानाने घरी आलो. सात महिन्यांनी चौकशीला गेलो तेव्हा ते लिपिक बदलून गेले होते, कपाटातल्या लाल फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांपैकी कोणत्या गठ्ठ्यात आमचा अर्ज आहे हे नव्या माणसाला ठाऊक नव्हते, आणि आवक नोंदवहीत आमचे नाव नव्हते. नोंदच नसलेल्या अर्जाला उशीर झाला असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? सात महिने गेले ते गेलेच.

दुसऱ्या खेपेस मी अर्जाच्या दोन प्रती नेल्या. एक टपाल टेबलावर दिली आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का घेतला. सोबत जोडलेल्या कागदांची यादी अर्जातच अनुक्रमांकासह लिहिली, म्हणजे ‘तुमचा रहिवासी दाखला नव्हताच’ असे नंतर ऐकावे लागत नाही. ऑनलाइन अर्ज असेल तर पावतीवरचा अर्ज क्रमांक हीच पोच. ती पावती थर्मल कागदावर छापलेली असल्यास त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढावी, कारण ती शाई काही महिन्यांत उडते.

मंजुरीपर्यंतचा टप्पा

अर्ज दाखल झाल्यावर कागदांची छाननी होते, गावपातळीवरून चौकशी अहवाल मागवला जातो आणि मग प्रकरण तालुकास्तरीय समितीच्या बैठकीपुढे ठेवले जाते. या समितीचे सदस्य सचिव तहसीलदार असतात. उशीर बहुधा दोन ठिकाणी होतो : अहवाल गावातून वर गेलेला नसतो किंवा समितीची बैठकच झालेली नसते. समितीची पुनर्रचना रखडली किंवा निवडणुकीची आचारसंहिता लागली की बैठका पुढे ढकलल्या जातात, आणि त्या काळात कितीही फेऱ्या मारल्या तरी लिपिकाच्या हातात फारसे काही नसते.

म्हणून कार्यालयात जाऊन ‘आमचे काम कधी होणार’ असे विचारू नये. त्याला ‘होईल’ हे एकच उत्तर मिळते. आवक क्रमांक सांगून तीन नेमके प्रश्न विचारावेत : चौकशी अहवाल आला का, आला असल्यास प्रकरण कोणत्या बैठकीच्या यादीत घेतले आहे, आणि त्रुटी काढली असल्यास ती लेखी मिळेल का. त्रुटी तोंडी ऐकून घरी जाणे टाळावे. आज एक कागद, पुढच्या खेपेला दुसरा, असे घडते तेव्हा तोंडी त्रुटीच त्याच्या मुळाशी असते. सांभाळ करणाऱ्या माणसाची प्रत्येक फेरी म्हणजे घरी कुणाला तरी बसवून निघणे असते, आणि ही गोष्ट कार्यालयात सौम्य शब्दांत सांगितली तर बहुतेक कर्मचारी फोनवर माहिती द्यायला तयार होतात, असा माझा अनुभव आहे.

मंजुरीचा आदेश मिळाल्यावर लाभ कोणत्या महिन्यापासून लिहिला आहे, हे तिथेच उभे राहून वाचावे. पुढे थकबाकी मागायची झाल्यास आधार त्या ओळीचाच असतो.

मंजूर झाले, पण खात्यावर काही नाही

नव्या माणसाला सर्वांत जास्त छळणारा टप्पा हाच आहे. कार्यालय म्हणते पैसे सोडले, बँक म्हणते आलेच नाहीत, आणि दोघेही खरे बोलत असू शकतात.

२०२४ च्या अखेरीपासून या योजनांचे पैसे थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे डीबीटीने, सोडले जाऊ लागले. पूर्वी तहसीलमधून बँकेला खाते क्रमांकांची यादी जात असे. आता पैसे आधार क्रमांकाच्या आधारे जातात. त्यामुळे अर्जात तुम्ही कोणता खाते क्रमांक लिहिला होता याला फारसा अर्थ उरलेला नाही. त्या आधार क्रमांकाची जोडणी देशपातळीवरील देयक महामंडळाच्या, अर्थात एनपीसीआयच्या नोंदीत ज्या बँकेशी असेल, तिथेच पैसे जातात. एका आधारची अशी जोडणी एका वेळी एकाच बँकेशी असते आणि सर्वांत शेवटी केलेली जोडणी चालते. बँकेत ‘आधार लिंक आहे’ असे सांगितले जाते तेव्हा बऱ्याचदा त्याचा अर्थ केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, आधारची प्रत जोडली आहे इतकाच असतो. डीबीटीसाठीचे सीडिंग, म्हणजे एनपीसीआयच्या नोंदीतली वर सांगितलेली जोडणी, ही वेगळी गोष्ट आहे आणि त्यासाठी वेगळा संमती अर्ज भरावा लागतो.

आमच्याकडे मंजुरीनंतर तीन महिने पासबुक छापून आणले की शेवटची ओळ तीच निघायची, व्याजाच्या सदतीस रुपयांची. तहसीलच्या संगणकावर मात्र तिन्ही महिन्यांपुढे ‘जमा’ असे दिसत होते. शेवटी मायआधार संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहिली तेव्हा तिथे एका पेमेंट्स बँकेचे नाव निघाले, जिचे आम्ही कधी तोंडही पाहिले नव्हते. आठवून पाहिल्यावर उलगडा झाला : दोन वर्षांपूर्वी भावाच्या नावाने सिमकार्ड घेताना मोबाईलच्या दुकानात त्याचा वाकडा अंगठा यंत्रावर दोनदा टेकवून घेतला होता, आणि दुसऱ्या वेळी सिमबरोबर खातेही उघडले गेले होते. पैसे बुडाले नव्हते, त्या खात्यात पडून होते. ते काढून घेतले, आपल्या नेहमीच्या बँकेत सीडिंगचा अर्ज भरला आणि पुढच्या महिन्यापासून रक्कम योग्य ठिकाणी येऊ लागली.

म्हणून पैसे आले नाहीत की आधी सीडिंगची स्थिती पाहावी. त्यासाठी आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. मोबाईल जोडलेला नसेल तर बँकेच्या शाखेतच विचारावे लागते. स्थिती सक्रिय दिसून बँकही बरोबर असेल तर खाते वापराअभावी निष्क्रिय झाले आहे का, केवायसी थकले आहे का, हे पाहावे. इथपर्यंत सगळे ठीक असेल तरच तहसीलमध्ये जाऊन पोर्टलवर लाभार्थ्याची आधार पडताळणी झाली आहे का आणि मागील देयक कोणत्या कारणाने परत आले, हे विचारावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे बोटांचे ठसे उमटत नसतील किंवा त्याला केंद्रावर नेणे शक्य नसेल, तर आधार अद्ययावत करण्यासाठी घरी येऊन नोंदणी करण्याची सोय मागता येते. खुर्चीत बांधून रिक्षाने नेण्याचा खटाटोप करण्याआधी ही विनंती लेखी द्यावी.

शेजाऱ्याचे पैसे आले आणि आपले आले नाहीत, याचे आणखी एक कारण फारसे कुणी समजावून सांगत नाही. या योजनेचा निधी सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती अशा वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली, म्हणजे सरकारी हिशेबातील वेगळ्या सदरांखाली, येतो. एका लेखाशीर्षाचा निधी आला आणि दुसऱ्याचा आला नाही, तर एकाच गल्लीतल्या दोन घरांत वेगवेगळ्या तारखांना पैसे पोहोचतात. तुमच्या प्रवर्गातील सगळ्यांचेच अडले असेल तर दोष तुमच्या कागदांत नाही, आणि त्यासाठी पुन्हा कागद देत बसू नये.

अठरा वर्षे पूर्ण झालेले बौद्धिक दिव्यांग मूल

आई-वडील हेच पालक, हे कायद्याने अठराव्या वर्षापर्यंतच खरे असते. त्यानंतर बँक सहीचा किंवा खाते कोण चालवणार याचा प्रश्न काढते आणि मंजूर पगारही हाती येत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालकत्वाचे प्रमाणपत्र देते आणि बँका ते स्वीकारतात. सतरावे वर्ष संपत आले की माहिती घेऊन कागद तयार ठेवावेत, कारण या समितीच्या बैठकाही दर महिन्याला होतीलच असे नाही.

तक्रारीची चढण

सगळे तपासूनही काम हलत नसेल तर लेखी मार्ग धरावा, आणि तो खालून वर जावा. पहिले पत्र तहसीलदारांच्या नावे, आवक क्रमांक आणि तारखांसह, एका पानात. पंधरा-वीस दिवसांत उत्तर नसेल तर आपले सरकार पोर्टलवर तक्रार नोंदवावी. तिचे निवारण २१ दिवसांत अपेक्षित असते. तालुक्याच्या लोकशाही दिनात, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात त्या दिवशी, महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, प्रत्यक्ष मांडणी करता येते. जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन पहिल्या सोमवारी असतो. मात्र तिथे थेट जाता येत नाही, तालुक्यात मांडल्याचा पुरावा आणि पंधरा दिवस आधी दिलेला अर्ज लागतो.

माझ्या मते सर्वांत उपयोगी हत्यार माहितीच्या अधिकाराचे आहे, पण ते नीट वापरावे. जोडपत्र ‘अ’ मधील अर्ज, १० रुपयांचे शुल्क आणि ३० दिवसांची मुदत, हे सर्वांना ठाऊक असते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, एवढीच मुभा आहे. ‘आमचे पैसे का दिले नाहीत’ असा प्रश्न विचारला तर ‘ही माहिती नाही’ असे उत्तर येऊ शकते, म्हणून अभिलेख मागावेत. मी लिहिलेले वाक्य असे होते : ‘आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, या प्रकरणावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत, प्रकरण सध्या ज्यांच्याकडे प्रलंबित आहे त्यांचे पदनाम, आणि अर्जाच्या तारखेनंतर झालेल्या समितीच्या सर्व बैठकांच्या इतिवृत्तांच्या प्रती मिळाव्यात.’ उत्तर येण्याआधीच काम मार्गी लागले. दिव्यांग व्यक्तीच्या हक्कांचा भंग झाला आहे असे वाटत असेल तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही जाता येते.

वाट पाहताना

ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महानगरपालिका यांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. हा निधी पगाराची जागा घेत नाही, पण त्यासाठी ग्रामपंचायतीत दिव्यांग नोंदवहीत नाव घालून अर्ज करायला कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. दुसरी सूचना मुलींच्या पालकांना : शासनाच्या दुसऱ्या योजनेतून महिना १५०० किंवा अधिक रुपये घेणाऱ्या स्त्रीला लाडकी बहीण योजना लागू होत नाही. सांभाळ करणारी आई पात्र असल्यास तिचा स्वतःचा लाभ वेगळा. दिव्यांग मुलीच्या नावावर मात्र दोन्ही ठेवू नयेत, नंतर एक बंद होताना दुसरेही अडकते.

गोव्यात राहणाऱ्यांसाठी हे सगळे वेगळे आहे. तिथे २००१ पासूनची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना चालते आणि तिचे नियम, रक्कम व कार्यालय स्वतंत्र आहेत. महाराष्ट्रातली कागदपत्रे तिथे चालतील असे गृहीत धरू नये.

पगार सुरू झाल्यावरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि उत्पन्नाचा दाखला मागितला जातो. सूचना घरपोच येईलच असे नाही. बहुतेक वेळा ती तहसीलच्या फलकावर किंवा गावच्या व्हॉट्सॲप गटात येते आणि सांभाळ करणाऱ्याच्या नजरेतून सुटते. लाभार्थी वारल्यास कार्यालयाला लवकर कळवावे, कारण त्यानंतर जमा झालेली रक्कम काढल्यास ती वसूल केली जाते. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर जानेवारीच्या पानावर हयातीच्या दाखल्याची आणि नोव्हेंबरच्या पानावर भावाच्या प्रमाणपत्राच्या मुदतीची तारीख आईने लाल पेनाने गोल करून ठेवली आहे. दरवर्षी जुने कॅलेंडर उतरवण्याआधी ती ते गोल नव्यावर उतरवून घेते.